एकशे चौदाची शेवटची मोजणी

आत्याच्या सत्काराचं जेवण आपल्या घरी ठेवायचं, हे बाबांनी आपणहून सुचवलं होतं आणि काकाला ते अजूनही खरं वाटत नव्हतं. सकाळपासून दोनदा त्याने बारकीला स्वयंपाकघरात गाठून विचारलं होतं, "तुझ्या बापाची तब्येत बरी आहे ना गं?"

शंका घ्यायला जागा होतीच. आजोबा गेले तेव्हा आत्या लांबच्या खेड्यांत, हत्तीरोगाच्या शिबिरात लोकांचं रक्त तपासत होती. ती घरी पोचली चौथ्या दिवशी. "बापापेक्षा किडे मोठे झाले," एवढं एकच वाक्य बाबा दारात उभं राहून बोलले आणि त्यानंतर अकरा वर्षं बहिणीशी एक अक्षर बोलले नाहीत. पुढे खुद्द बारकीनेच आत्याच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. तरी रोज सकाळी स्कूटरवरून तिला संस्थेच्या फाटकापर्यंत सोडायला जायचे तेच. फाटकाच्या आत मात्र पाऊल टाकायचं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

आणि गेल्या गुरुवारी ते फाटकाच्या आत गेले. फ्रीज-एसी दुरुस्तीच्या आपल्या दुकानातला नवाकोरा एसी टेम्पोत घालून गेले. "पुढच्या शुक्रवारी निवृत्त होतेय ती. सगळा जन्म त्या भट्टीत घाम गाळला. शेवटचे आठ दिवस तरी गारव्यात बसू दे," म्हणाले. भिंतीला भोक स्वतः पाडलं, नटबोल्ट स्वतः आवळले आणि एसी बसवला तो बरोबर सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर, कारण ताई दिवसभर तिथेच बसते. माफी मागायची ही बाबांची पद्धत होती आणि आत्याला ती बरोबर कळली. ती "छान गार आहे रे" म्हणाली आणि मुकाट्याने त्या वाऱ्याखाली बसली.

आता पाचही जणं टेबलाभोवती जेवायला बसली होती, आणि बारकी ताटातला घास नुसताच कालवत होती.

"तर मग," काकाने पाण्याचा पेला उचलला, "उद्या अकरा वाजता परीक्षक समिती बसणार आणि आमच्या ताईचं औषध माणसांवर तपासायला हिरवा कंदील मिळणार. काय नाव त्याचं?"

"नाव नाही. नंबर आहे. एकशे चौदा," आत्या म्हणाली.

"एवढी वर्षं सांभाळलंस आणि नावसुद्धा ठेवलं नाहीस?"

"त्याच्या आधीची एकशे तेरा फुकट गेली होती रे. कुणाकुणाला नावं ठेवू?"

सगळे हसले. बाबासुद्धा हसले, आणि ते पाहून आई हसली. हत्तीरोगाच्या कृमींची पिल्लं मारणारी औषधं आहेत. पण आत दडून बसलेले मोठे कृमी वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि माणसाचा पाय सुजत जातो. त्या मोठ्या कृमींना मारील असं काही शोधण्यात आत्याची अठ्ठावीस वर्षं गेली होती. एकशे चौदाने ते चार वेळा करून दाखवलं होतं. समितीला पाचवी आणि शेवटची मोजणी हवी होती, तेवढी झाली की झालं.

"कालची मोजणी आटोपलीस ना गं?" आत्याने बारकीला विचारलं. "मी त्या निरोपाच्या चहात अडकले. आज जेवण झालं की जाऊन मी दुसरी नजर टाकते आणि सही करते."

बारकीने घास ताटात ठेवला. काल दुपारपासून तिची पाचावर धारण बसली होती. रात्रभर तिने वाक्यं जुळवली होती, पण आत्ता त्यातलं एकही आठवेना.

"आत्या, सगळे मेले," ती म्हणाली.

"मेले तर चांगलंच झालं की!" काका म्हणाला.

"कंट्रोलमधलेपण."

आत्याचा हात थांबला. काकाने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे काय? मराठीत सांगा."

"दोन प्लेटा असतात काका," बारकी सांगू लागली, आणि सांगता सांगताच तिचा आवाज चिरकायला लागला. "दोन्हींत बारा-बारा खळगे, प्रत्येक खळग्यात एक कृमी. एका प्लेटीत औषध घालतो. दुसरीत औषध सोडून बाकी सगळं तेच. ती कंट्रोल. औषधातले मरायला हवेत आणि कंट्रोलमधले जगायला हवेत. काल दोन्हींतला एकही हलत नव्हता. चोवीसच्या चोवीस."

"म्हणजे औषधाशिवायच मेले?"

"हो. म्हणजे एक तर माझ्या हातून काहीतरी नासलं. भांडी नीट धुतली नसतील, पाण्यात काही गेलं असेल. नाहीतर..."

ते आत्याने पुरं केलं. "नाहीतर त्यांना मारणारं दुसरंच काहीतरी आहे, आणि एकशे चौदा म्हणजे नुसतं पाणी."

तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. बारकीला त्याचीच जास्त भीती वाटली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पहिले सावरले बाबा. सावरले म्हणजे लेकीच्या बाजूने उभे राहिले. "हे बघ ताई, पोरीचं नाव कुठल्या कागदावर येता कामा नये. तिचं अजून सगळं आयुष्य जायचंय. भांडी धुणाऱ्यांवर घाला, कुणावरही घाला."

"भांडी मीच धुते बाबा."

"तू गप्प बस."

"मी काय म्हणतो," काका खुर्ची पुढे ओढत म्हणाला. त्याचा जन्म कचेरीत फायली हलवण्यात गेला होता आणि कुठलंही संकट दोन फायलींच्या मध्ये बसवता येतं अशी त्याची श्रद्धा होती. "चार मोजण्या चांगल्या आहेत ना? मग पाचवी झालीच नाही म्हणायचं. मशीन बिघडलं म्हणायचं. ताई शुक्रवारी घरी. पुढचं पुढचे बघतील."

"बरोबर बोलतोय तो," बाबा म्हणाले. एरवी सख्ख्या भावांचं ताटाला लावायच्या चटणीवरूनसुद्धा एकमत व्हायचं नाही, आज मात्र एका मिनिटात झालं.

"आणि पुढे ज्याच्या पोटात ती गोळी जाईल, त्याला काय सांगू?" आत्याने विचारलं. "मशीन बिघडलं होतं म्हणून?"

बाबांचा चेहरा तांबडा झाला. बारकीला वाटलं, झालं, अकरा वर्षांनी जमलेलं पुन्हा फिसकटणार, आणि तेही आपल्यापायी.

तेवढ्यात आई बोलली. आई सहसा भावाबहिणींच्या मध्ये पडत नसे. आगीशी खेळ नको म्हणायची. आज ती भाताचं पातेलं बाजूला ठेवून सरळ नणंदेच्या बाजूने उभी राहिली. "वन्सं बरोबर बोलतायत. लपवाछपवी या घरात चालणार नाही. आणि तुम्ही दोघं तोंड बंद करून त्यांना जरा विचार करू द्या. अठ्ठावीस वर्षं डोकं त्यांनीच चालवलंय ना?"

काकाने खुर्ची पुन्हा मागे ओढली.

आत्याने ताट सरकवलं आणि बारकीकडे वळून बसली. "आता रडू नकोस. एकेक सांग. प्लेटा इन्क्युबेटरमधून किती वाजता काढल्यास?"

"अडीचला."

"दोन्ही एकदम?"

"हो. तुम्ही नव्हता, मला लवकर आटपायचं होतं. आधी औषधाची बघितली, मग कंट्रोल."

"औषधाच्या प्लेटीला किती वेळ लागला?"

"पाऊण तास. एकही हलत नव्हता, म्हणून प्रत्येकाला पुरी दोन मिनिटं दिली, आणि मधे नोंदी." हा आत्याचाच नियम होता. हलला तर लगेच पुढे जायचं. न हलणाऱ्या कृमीकडे घड्याळ लावून दोन मिनिटं बघायचं आणि मगच त्याला मेला म्हणायचं. शिवाय एकट्याच्या शब्दावर कुणी मरत नसे. दुसऱ्या माणसाने बघून सही केल्याशिवाय प्लेट फेकायची नाही.

"तोवर कंट्रोल कुठे होती?"

"तिथेच. टेबलावर."

आत्या मान वळवून काहीतरी बोलायला गेली आणि "आई गं" म्हणून तिने मानेला हात लावला.

"मघापासून बघतेय मी," आई म्हणाली. "मान आखडलीय ना? आणि या उकाड्यात अंगावर शाल? तो एसी थेट डोक्यावर येतोय तुमच्या. यांना वाईट वाटेल म्हणून सांगत नाही तुम्ही."

"काहीतरीच काय," आत्या घाईने म्हणाली. मग ती एकदम थबकली. बारकीकडे बघत राहिली. "तुझी बोटं कशी होती काल?"

"बोटं?"

"मोजताना. बोटं कशी होती?"

"आखडली होती," बारकी म्हणाली. "पेन धरवत नव्हतं. मी स्वेटर..." आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घोडं कुठे पेंड खात होतं ते तिला दिसलं. माणसाच्या अंगात राहणारे कृमी, त्यांना माणसाच्या अंगाची ऊब लागते. अठ्ठावीस वर्षं त्या भट्टीसारख्या खोलीत प्लेट तासभर बाहेर राहिली तरी कधी बिघडलं नव्हतं. गुरुवारपासून ती खोली भट्टी राहिली नव्हती. "आत्या! ते मेले नसतील! गारठले असतील!"

बोलून गेली आणि मग तिने बाबांकडे पाहिलं. आत्याने आधीच पाहिलं होतं. तिला हे बारकीच्या आधी कळलं होतं आणि भावासमोर तोंडातून काढायचं नव्हतं, म्हणून ती थांबली होती. अठ्ठावीस वर्षांचं काम पणाला लागलेलं असताना ही बाई भावाचं मन सांभाळत बसली होती. बारकीला तिचा राग आला आणि तितकंच भरूनही आलं.

बाबा सावकाश म्हणाले, "म्हणजे माझ्या एसीने."

"तुझा एसी चांगला आहे रे," आत्या म्हणाली.

"सोळावर लावून आलो होतो मी." त्यांनी कपाळावर हात मारला. "प्लेटा कुठे आहेत? फेकल्या?"

"नाही, दुसरी सही झाली नव्हती ना. काल परत इन्क्युबेटरच्या उबेत ठेवल्या. त्यानंतर बघायचा धीरच झाला नाही."

बाबा उठले. हातसुद्धा न धुता त्यांनी गाडीची किल्ली घेतली.

रविवार असल्यामुळे संस्थेत चिटपाखरू नव्हतं. पहारेकऱ्याने आत्याला पाहून फाटक उघडलं. आई आणि काकाही आले होते; काका म्हणाला, "एवढ्यावर घरी बसलो तर माझंच हृदय बंद पडेल."

प्रयोगशाळेत शिरल्याशिरल्या बाबांचा हात सवयीने एसीच्या रिमोटकडे गेला आणि चौघंही एकदम ओरडली, "नको!" बाबांनी विस्तवाला हात लागल्यासारखा तो मागे घेतला. खिडक्या उघडल्या. खोली पूर्ववत भट्टी व्हायला वेळ लागला नाही.

बारकीने प्लेटांना ऊब राहावी म्हणून कोमट पाण्याची पिशवी तयार केली, प्लेटा काढल्या, दोन्हींच्या नंबरांवर कागदी पट्टी चिकटवली आणि पाठ करून त्यांची अदलाबदल केली. आता कुठली कुठली ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"या आत्या," ती म्हणाली.

आत्या स्टुलापर्यंत गेली आणि उभीच राहिली. "मी नाही बघणार. आज मला जे हवंय तेच दिसेल. हलणारा मेलेला दिसेल आणि मेलेला हलताना. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही." मग ती भावाकडे वळली. "तू बघ."

"मी? मला यातलं काय कळतंय?"

"म्हणूनच. कुठल्यात औषध आहे तुला माहीत नाही, कृमी कसे असतात माहीत नाही. तुझ्याएवढा चांगला साक्षीदार मला मिळायचा नाही."

"काही कळत नाही म्हणून पहिल्यांदाच कुणी माझं कौतुक केलं," असं पुटपुटत बाबा स्टुलावर बसले. बारकीने पहिली प्लेट भिंगाखाली सरकवली. ती कंट्रोलची होती. तिने ओठ दाताखाली धरले, म्हणजे चेहऱ्यावर काही दिसायला नको.

बाबांनी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग चष्मा काढून काकाच्या हातात दिला. "दिसत नाही काही. हां, थांब. दोरा आहे पांढरा. बारीक." ते थांबले. मग खुर्चीत साप निघाल्यासारखे मागे सरकले. "अरे बापरे! वळवळतोय हा!"

"पुढचा," बारकी म्हणाली.

"हापण. हा तर गाठ मारून घेतोय स्वतःला. हापण हलतोय. हापण." बारापैकी अकरा हलत होते. एक नव्हता, त्याला घड्याळ लावून दोन मिनिटं दिली, तरी तो निपचितच. "हा म्हातारा झाला असेल," बाबा म्हणाले, आणि आईला अवेळी हसू फुटलं.

आत्या भिंतीला टेकून उभी होती. निम्मं काम झालं होतं आणि निम्मं व्हायचं होतं. गारठलेले जिवंत झाले हे खरं. पण मग औषधातलेही नुसते गारठलेलेच असले तर? ही दुसरी प्लेट वळवळली तर एकशे चौदा एकशे तेरांच्या रांगेत जाऊन बसणार होतं आणि आत्या शुक्रवारी रिकाम्या हाताने घरी जाणार होती. आगीतून उठून फुफाट्यात पडायचं ते हेच. हे खोलीत दोघींनाच ठाऊक होतं.

बारकीने दुसरी प्लेट सरकवली.

"दोरा आहे," बाबा म्हणाले. "हलत नाही."

"दोन मिनिटं, बाबा."

दोन मिनिटं किती मोठी असतात हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. काका घड्याळ धरून उभा होता. पहिला हलला नाही. दुसरा नाही. तिसरा, चौथा नाही. बाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण त्यांनी डोळा काढला नाही. पाचवा नाही. सहावा नाही.

"हलला," बाबा म्हणाले.

सातवा होता. आत्याने डोळे मिटून घेतले.

"नक्की?" आईने विचारलं.

"हलला गं. सरकला असा." बाबांनी मान वर करून सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि त्यांना कळलं की आपण काहीतरी भयंकर बोललो. "का? हलायला नको होता का? तसं असेल तर मी म्हणतो की..."

"काही म्हणू नकोस!" आत्या म्हणाली. "मला खूश करायला एक शब्द बोललास तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. पुन्हा बघ. दिसेल तेच सांग."

बाबा पुन्हा वाकले. आता मात्र त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर घेतले. काकाने वेळ लावली. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं, दीड गेलं.

"नाही हलत," बाबा म्हणाले. मग त्यांनी कोपर हळूच टेबलाला लावलं आणि काढलं. "हे बघ, हे असं झालं होतं. माझं कोपर लागलं की पाणी हलतं आणि हा सरकतो. स्वतःहून नाही हलत. पोरी, तू बघ. मला खोटं बोलायचं नाही."

बारकीने बघितलं. तिनेही दोन मिनिटं बघितलं. कृमी सरळ पडला होता, उसवलेल्या दोऱ्यासारखा.

"नाही हलत," ती म्हणाली.

उरलेले पाच बाबांनीच बघितले. एकही हलला नाही. शेवटची दोन मिनिटं संपली तेव्हा बारकीने पट्ट्या काढल्या आणि दोन्ही प्लेटा आत्यासमोर ठेवल्या. "कंट्रोल, अकरा जिवंत. एकशे चौदा, बाराच्या बारा मेले."

आत्याचा जीव भांड्यात पडला तो सगळ्यांना ऐकू आला. ती स्टुलावर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. अठ्ठावीस वर्षं किडे मारण्यात घालवलेली बाई, अकरा किडे जिवंत निघाले म्हणून शालीने डोळे पुसत होती. काकाही रडला, आणि रडत नाही असं सांगत राहिला. बारकीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि कालपासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

बाबा मात्र अजून भिंगाला डोळा लावून होते. त्यांनी स्वतःच पहिली प्लेट पुन्हा सरकवून घेतली होती.

"ताई," ते मान वर न करता म्हणाले, "हे माणसाच्या अंगात असतात? असे वळवळत?"

"असतात. वर्षानुवर्षं."

"त्या शिबिरात तू हेच शोधत होतीस? बाबा गेले तेव्हा?"

"हो."

"निरोप तुला कधी मिळाला?"

आत्याने डोळे पुसले. "तिसऱ्या दिवशी. माणूस गावोगाव मला शोधत फिरला. मिळाला तशी निघाले रे. सामानसुद्धा तिथेच टाकलं होतं."

"मग त्या दिवशी दारात सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

बाबांनी तोंड फिरवलं. बराच वेळ त्यांचे खांदे हलत राहिले आणि कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग ते खिशातून पाना काढत उठले आणि भिंतीशी गेले. "हा एसी काढतो मी. आत्ताच काढतो."

"हात लावू नकोस त्याला, ढब्बू," आत्या म्हणाली. लहानपणी ती त्यांना याच नावाने हाक मारायची. अकरा वर्षांत ती हाक या कानांवर पडली नव्हती. "एसी राहू दे तिथेच. तू बसवलायस तो. ये, इकडून धर. आपण टेबल हलवू."